वाचून दाखवणारी बाई

ओरुरोच्या विद्यापीठात, आमच्या ग्रंथालयात मी नोकरीला लागले तेव्हा कासिल्दा युक्रा तिथे आधीपासून होत्या. सगळे त्यांना मानाने डोन्या कासिल्दा म्हणत. बुटक्या, अंगाने भरलेल्या, दोन वेण्या पाठीवर आणि खांद्यावर कायम एक तपकिरी शाल. देवघेव विभागात बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "विल्मा ना गं तू? हातमोजे आण उद्या. इथे पुस्तकांपेक्षा थंडी जास्त आहे."

लोकांना त्यांची आठवण राहायची ती आवाजामुळे. मोठा नव्हता तो, पण कोपऱ्यातल्या माणसालाही शब्द न् शब्द कळायचा. हा आवाज त्यांनी रेडिओवर कमावला होता. त्यांचा जन्म खाणीच्या वसाहतीतला. बाप जमिनीखाली कथील खणायचा. वसाहतीत कामगार संघटनेचं स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र होतं आणि शाळकरी कासिल्दा तिथे निरोप वाचायची. कुणाला मुलगा झाला, कुणाची खाणीतली पाळी बदलली, कुणाला वर आणलं आणि तो जिवंत नव्हता. एके सकाळी सैनिक आले आणि त्यांनी बंदुकीच्या दस्त्यांनी सगळी यंत्रं फोडली. "मी एका निरोपाच्या मध्यावर होते," त्या सांगायच्या. "कोचाबांबाहून कुणीतरी आपल्या आईला काही कळवलं होतं. अर्धाच वाचला गेला."

पुढे सरकारी खाणी बंद पडल्या, वसाहत रिकामी झाली, माणसं जिकडे वाट फुटेल तिकडे गेली. नवरा कामासाठी अर्जेंटिनात गेला. आधी त्याची पत्रं यायची, मग थांबली. लेकीला घेऊन त्या ओरुरोत आल्या आणि ग्रंथालयात कार्डं टंकायच्या कामावर लागल्या. एका पुस्तकाची तीन-तीन कार्डं, लेखकाचं, नावाचं, विषयाचं. हजारो कार्डं त्यांच्या बोटांखालून गेली असतील.

संगणक आले तेव्हा ती सगळी कार्डं गेली. लाकडी खणांची कपाटं मागच्या खोलीत ढकलली गेली. आमच्यातल्या दोघीतिघी रडल्या. डोन्या कासिल्दा मात्र रडल्या नाहीत. "कार्ड असो की पडदा," त्या म्हणाल्या, "पोराला पुस्तक मिळाल्याशी मतलब." आणि आमच्यात सगळ्यांत आधी त्याच संगणक शिकल्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणाला वाटेल की बाईंचं यंत्रांशी वाकडं होतं. तसं अजिबात नव्हतं.

सिस्तो चाम्बी आला तो मार्चमध्ये, सत्र सुरू होता होता. पंचविशीचा, धिप्पाड, काळा चष्मा लावलेला, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. सहकारी खाणीत काम करायचा. सुरुंगाची वात वेळेआधी पेटली आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. दोन वर्षं घरात बसून काढल्यावर त्याने कायदा शिकायचं ठरवलं होतं. टेबलाशी येऊन त्याने विचारलं, "इथे पुस्तकं वाचून दाखवतात का?"

"नाही," डोन्या कासिल्दा म्हणाल्या. "तशी सोय नाही इथे."

तो परत वळला.

"अरे, चाललास कुठे? सोय नाही म्हटलं. वाचता येत नाही असं म्हटलं का मी? बस तिथे. कोणतं पुस्तक?"

तेव्हापासून दुपारची जेवणाची सुट्टी त्या दोघांची झाली. कार्डांची कपाटं ठेवलेल्या मागच्या खोलीत ते बसायचे. मध्ये थर्मास, त्यात सुल्ताना, म्हणजे कॉफीच्या सालींचा गरम काढा. त्या वाचायच्या, तो ऐकायचा, मध्येच "थांबा, परत" म्हणायचा. मी फायली आणायला जायची तेव्हा त्यांचं बोलणं कानावर पडायचं.

"कलमं तरी किती आहेत हो, डोन्या कासिल्दा! आणि इतक्यांतलं एकही आमच्या खाणीत उतरलं नाही."

"खाली अंधार असतो ना. कलमाला भीती वाटली असेल."

"तुम्ही हसवू नका, उद्या परीक्षा आहे."

वर्षभरात आणखी तिघं आले. एक मुलगी जन्मांध होती, दोघांची नजर हळूहळू जात होती. सगळ्यांना एकाच दुपारी वाचून दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून डोन्या कासिल्दांनी कॅसेट भरायला सुरुवात केली. काम संपल्यावर, त्याच खोलीत, अंगावर शाल लपेटून. कार्निव्हालच्या आधी दोन-तीन महिने आमच्या गावात प्रत्येक रस्त्यावर बँडचा सराव चालतो, त्यामुळे त्यांच्या कॅसेटांत तुताऱ्या आणि ढोल शिरले होते. सिस्तो सगळ्यांना सांगायचा, "रोमन कायदा असा वाजतगाजत आमच्याशिवाय कुणी शिकला नसेल." या कामाचा त्यांना वेगळा पगार नव्हता, आणि कुणी त्यांना हे काम सांगितलंही नव्हतं. पण त्या वर्षांत त्यांच्या चालण्यात एक ऐट आली होती. त्यांना कुणाला तरी निरोप पुरा पोचवता येत होता, असं मला वाटायचं. त्या स्वतः असं काही बोलल्या नाहीत.

मग आमचे संचालक गास्तोन आरांसिबिया यांनी तीन वर्षं अर्ज-विनंत्या करून एक मोठा स्कॅनर, दोन संगणक आणि वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मिळवला. भला माणूस. त्यांना खरंच वाटत होतं की ग्रंथालय एका बाईच्या घशावर चालू नये, आणि त्यांचं चूक नव्हतं. कार्निव्हालच्या मंगळवारी आम्ही नव्या यंत्रांवर रंगीत कागदाच्या माळा घातल्या, जमिनीवर दारू शिंपडून धरणीमातेला तिचा वाटा दिला, आणि पहिलं पान स्कॅन केलं. यंत्र बोलायला लागलं आणि सगळे हसत सुटले. आवाज स्पेनमधल्या कुणा पुरुषाचा होता, नाकात बोलणारा.

"हा पाद्री कुठून आणला?" डोन्या कासिल्दा म्हणाल्या.

"डोन्या कासिल्दा," संचालक म्हणाले, "आता तुमच्या घशाला विश्रांती."

त्या हसल्या, पण थोडं उशिरा.

सुरुवातीला यंत्र धड वाचतच नव्हतं. पानाखालची टीप मध्येच घुसवायचं, तक्ता आडवा वाचून त्याची खिचडी करायचं. विद्यार्थी कंटाळून कॅसेट मागायला यायचे आणि डोन्या कासिल्दा "बघा, पाद्रीबाबांना जमेना" असं म्हणत कपाट उघडायच्या. पण महिन्या-दोन महिन्यांत ते येणं थांबलं. पोरांना खिचडीतून दाणे निवडायची सवय झाली. दुपारी मागच्या खोलीत थर्मास एकटाच असायचा. सिस्तो तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. तो सरळ संगणकाकडे जायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि संध्याकाळपर्यंत उठायचा नाही.

सप्टेंबरात एके दिवशी दुपारी त्या त्याच्याजवळ गेल्या. मी शेजारच्या टेबलावर पुस्तकं लावत होते. यंत्राचा वेग त्याने इतका वाढवला होता की हेडफोनमधून नुसता किचकिचाट ऐकू येत होता.

"सिस्तो, काय वाचतोस?"

त्याने हेडफोन काढला. "असंच."

"दे इकडे, मी वाचते. त्यात चुका किती असतात."

"असू देत."

"असू देत काय? परीक्षेत चुका लिहिणार?"

"परीक्षेचं नाही हे."

"मग?"

त्या उभ्याच होत्या. शेवटी तो म्हणाला, "डोळ्यांचं पुस्तक आहे. वैद्यकीचं. मला काय झालं, ते वाचतोय."

"मग मला का नाही सांगितलंस? चार वर्षं मी—"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वाचलं असतं, डोन्या कासिल्दा. आणि वाईट ओळ आली की तुमचा आवाज बदलला असता. मला ते पुस्तकातून कळलं नसतं, तुमच्या आवाजातून कळलं असतं." तो हळू बोलत होता, पण शब्द नीट येत होते. "चार वर्षं मी तुम्हाला जे विचारायची लाज वाटत नाही तेवढंच वाचलंय. हा पाद्री बरा. त्याला माझी दया येत नाही."

डोन्या कासिल्दांनी शाल सावरली आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. मी त्यांच्या घरी गेले. टेकडीच्या बाजूला दोन खोल्या. त्या अंगणात उकिडव्या बसून चुन्यो निवडत होत्या. थंडीत गोठवून वाळवलेले हे बटाटे, काळे, दगडासारखे.

"तब्येत बरी नाही का?" मी विचारलं.

"तब्येतीला काय झालंय?" मग एक बटाटा बाजूला टाकत, "विल्मा, माझा आवाज खरंच बदलतो का गं?"

मी म्हटलं, "बदलतो."

त्यांनी मान हलवली आणि निवडत राहिल्या. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर चिडतील. त्यांनी आत जाऊन माझ्यासाठी सूप आणलं, मी संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या, आणि मी निघताना म्हणाल्या, "सोमवारी येते. ते डोळ्यांचं पुस्तक कुठल्या फळीवर असतं, बघून ठेव."

सोमवारी आल्या त्या थेट स्कॅनरच्या खोलीत गेल्या. एका कानाला हेडफोन, समोर उघडं पुस्तक, आणि यंत्र काय वाचतंय ते ओळीवर बोट ठेवून पाहू लागल्या. असं त्यांनी त्या आठवड्यात बरंच काही तपासलं. कायद्याची पुस्तकं, शिक्षणशास्त्राचं एक, आणि ते डोळ्यांचं. शुक्रवारी त्यांनी मला हाक मारली.

"हे बघ."

पान स्फोटाने होणाऱ्या जखमांचं होतं. बुबुळ फुटलं, आतली नस तुटली की नजर परत येत नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. त्याखाली निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नवा मथळा होता, डोळ्यातला पडदा सुटण्याबद्दलचा. आणि त्याखाली, पहिल्या काही दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर नजर बहुधा वाचते, असा मजकूर.

"आता ऐक." त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. यंत्राने जखमांबद्दल वाचलं आणि न थांबता पुढे वाचलं की पहिल्या काही दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर नजर बहुधा वाचते. निळ्या पट्टीवरचा पांढरा मथळा स्कॅनरने पकडलाच नव्हता. दोन वेगळे आजार एकामागोमाग एक जोडले गेले होते.

मला लगेच उलगडलं नाही. त्यांना उलगडलं होतं. सिस्तो गावी जायचा बंद झाला होता. त्याची बहीण डेलिया दोन आठवड्यांपूर्वी ग्रंथालयात येऊन रडून गेली होती. तो आईशी बोलत नाही, फोन घेत नाही, का ते सांगत नाही. अपघातानंतर आईने त्याला आधी गावच्या जाणत्याकडे नेलं होतं. जाणत्याने कोकाची पानं टाकून कौल पाहिला, धूप घातला, उतारा दिला. ला पासच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत तीन आठवडे गेले होते.

"त्याला वाटतंय आईने त्याचे डोळे घालवले," डोन्या कासिल्दा म्हणाल्या.

"मग जाऊन सांगा ना त्याला! आत्ता सांगा!"

"मी नाही सांगणार."

मला त्यांचा राग आला. "अजून रुसलात?"

"वेडी का तू? मी सांगितलं तर त्याला वाटेल, म्हातारी समजूत काढतेय. माझा आवाज बदलतो म्हणालीस ना तूच?"

त्यांनी ते प्रकरण पुन्हा स्कॅन केलं. जिथे यंत्राला दिसत नव्हतं तिथे स्वतः टंकलं. सुटलेले मथळे जागेवर बसवले आणि प्रत्येक मथळ्याआधी "नवा विषय" असे दोन शब्द घातले, म्हणजे ऐकणाऱ्याला थांबायचं कळेल. टिपा शेवटी नेल्या. या कामाला मंगळवार उजाडला. मग त्या सिस्तोच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"सिस्तो, तुझ्या त्या पुस्तकातलं एक प्रकरण यंत्राने चुकीचं वाचलं होतं. मी दुरुस्त करून ठेवलंय. वाचायचं तर वाच."

"काय चुकलं होतं?"

"वाच की. मी काही त्या पाद्रीची मदतनीस नाही, सगळं तोंडाने सांगायला."

त्याने वाचलं. आम्ही दोघी लांब, पुस्तकांच्या फळ्यांपाशी होतो. तो नेहमीच्या वेगाने ऐकत होता. मग त्याने वेग कमी केला. मग आणखी कमी केला, इतका की माणूस बोलतो तसा. एकाच जागी तो पुनःपुन्हा मागे जात होता, हे त्याच्या बोटांवरून दिसत होतं. भोवती पोरं पानं उलटत होती, कुणीतरी खिदळत होतं. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि उरलेल्या तीन बोटांनी चेहरा पुसला. डोन्या कासिल्दा त्याच्याजवळ गेल्या नाहीत. माझाही हात त्यांनी धरून ठेवला.

नजर परत येण्यासारखी नव्हतीच. पहिल्या दिवशीही नव्हती. हे त्याला पक्कं कळलं, आणि त्यात आईचा दोष नव्हता हेही. यातलं कोणतं ओझं जड आणि कोणतं हलकं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मेलेल्यांच्या सणाला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तो गावी गेला. त्याच्या वारलेल्या वडिलांसाठी घरात जेवणाची पानं मांडायची होती. परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत आईने भाजलेले बाहुल्यांच्या आकाराचे पाव होते. त्यातला एक त्याने डोन्या कासिल्दांच्या टेबलावर ठेवला.

"आईने दिलाय. म्हणाली, पुस्तकवाल्या बाईला दे."

"काय सांगितलंस तिला?"

"काही नाही. गेलो, बसलो, कांदे चिरून दिले. ती म्हणाली, इतके दिवस का आला नाहीस? मी म्हटलं, अभ्यास होता." त्याने पिशवीचं तोंड बांधलं. "तिला काही माहीतच नव्हतं, डोन्या कासिल्दा. मी तिच्यावर इतका रागावलोय, हे तिला माहीतही नव्हतं."

"मग आता तरी कशाला सांगायचं?" त्या म्हणाल्या आणि बाहुलीचं डोकं मोडून तोंडात टाकलं.

त्यानंतर डोन्या कासिल्दा देवघेव विभागात परतल्या नाहीत. संचालकांना जाऊन म्हणाल्या, "मला त्या स्कॅनरपाशी बसवा." ते म्हणाले, "तिथे बसायला माणूस लागतो हे तर मी कुठल्याच अर्जात लिहिलं नव्हतं." "मग आता लिहा." त्यांनी लिहिलं. मंजुरी यायला दीड वर्ष गेलं, तोवर डोन्या कासिल्दांनी दोन्ही कामं केली. हळूहळू त्या खोलीला नाव मिळालं, दारावर पाटी लागली, आधी मी आणि मग आणखी एकजण तिथे गेलो. त्यांनीच आम्हाला शिकवलं. शिकवण्याची पद्धत एकच होती, पान दुरुस्त केलं की डोळे मिटायचे आणि ते शेवटपर्यंत ऐकायचं. मध्ये डोळा उघडला तर त्या टपली मारायच्या. पोतोसी, तारिहासारख्या दूरच्या शहरांतून पुस्तकं मागणारी पत्रं यायला लागली. दुरुस्त केलेलं पुस्तक फोनवरून क्षणात जायचं, पण ते दुरुस्त करायला महिना लागायचा, आणि हा महिना कुणाला दिसायचा नाही. याबद्दल त्यांनी तक्रार केली नाही. फक्त वरिष्ठ मंडळी खोली बघायला आली आणि "आता सगळं आपोआप होतं ना?" म्हणाली, की त्या ताडकन म्हणायच्या, "हो, मीच ती आपोआप."

सिस्तो वकील झाला. खाणीत जखमी झालेल्यांची प्रकरणं घेतो, बहुतेक हरतो, काही जिंकतो. पुस्तकं लागली की फोन करायचा. ते दोघं फोनवर अर्धा अर्धा तास भांडायचे, बहुतेक स्वल्पविरामांवरून.

साथीच्या वर्षी विद्यापीठाला कुलूप लागलं. डोन्या कासिल्दा तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या. आमचे विद्यार्थी आपापल्या गावी अडकले, काही इतक्या दूर की फोनला रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागायचं. बाईंनी परवानगी काढली आणि एक संगणक हातगाडीवर घालून घरी नेला. लेकीने विरोध केला. म्हणाली, तुझी छाती आधीच खराब. त्या म्हणाल्या, "बसून तर करायचंय." एप्रिलपासून त्या घरून काम करत राहिल्या. पुस्तकं त्यांच्याकडे पोचवायला कधी मी जायची, कधी ओळखीचा पोलीस. जुलैत त्यांना ताप आला. इस्पितळात जागा नव्हती, मग मिळाली, पण उशीर झाला होता. शेवटचे पाच दिवस मला फक्त लेकीकडून कळत होतं.

दफनाला चौघांना परवानगी होती. लेक, जावई, आरांसिबिया आणि मी. आरांसिबिया तेव्हा निवृत्त झाले होते, काठी टेकत आले. वारा इतका होता की पाद्री काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही. सिस्तो फाटकाबाहेर डेलियाबरोबर उभा होता. पोलिसांनी त्याला आत सोडलं नाही. बाहेर आल्यावर मी त्याच्याजवळ गेले, पण आम्हाला एकमेकांचे हात धरायची बंदी होती, म्हणून तसेच उभे राहिलो.

"माझं एक पुस्तक अर्धं राहिलंय त्यांच्याकडे," तो म्हणाला. "वारसाहक्काचं. घाई नाही."

ते मी पुरं केलं. मला दोन महिने लागले आणि त्यात तीन चुका राहिल्या. त्याने तिन्ही शोधून काढल्या.

आता त्या खोलीत आम्ही तिघं आहोत. यंत्रं खूप सुधारली आहेत. निळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरं आता सुटत नाहीत, वेगळ्याच गोष्टी सुटतात. या सत्रात भूगर्भशास्त्राला एक अंध मुलगी आली आहे, रेनाता नावाची. तिला जमिनीखालच्या थरांचे नकाशे हवे आहेत. नकाशा वाचून कसा दाखवायचा हे मला कळलेलं नाही. काल मी तिच्यासमोर बसून एक नकाशा शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. तिने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही मला फक्त रंग सांगताय." खरं होतं ते. बोटांनी चाचपता येईल असा नकाशा करायला आज आम्ही जाड पुठ्ठा, दोरा आणि डिंक आणला आहे. त्याने जमतं का, ते बघतो आहोत.